महामार्गावरचे खासगी पोलीस

खेळणी आणि खेळ हा गंभीर साप्ताहिकात चर्चिण्याचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. परंतु समाजाचे अर्थकारण कोणत्या दिशेने चालले आहे याची चाहूल कधी कधी अंदाजपत्रकाच्या आधी त्याच्या खेळांतून आणि स्वस्त कादंबऱ्यांतून लागते. ब्रिटनमध्ये १९८८ साली निघालेला 'डार्क फ्यूचर' हा खेळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

'गेम्स वर्कशॉप' या कंपनीने तो काढला. रस्त्याचे तुकडे जोडून टेबलावर महामार्ग मांडायचा, शस्त्रे बसविलेल्या चिमुकल्या मोटारी त्यावरून पळवायच्या आणि वेग, वळण व फासे यांच्या हिशेबाने एकमेकींचा नाश करायचा, असे त्याचे स्वरूप. काळ १९९५ चा, म्हणजे तेव्हाचा नजीकचा भविष्यकाळ, देश अमेरिका. देशाचा मध्यभाग वाळवंट झालेला. श्रीमंतांच्या वस्त्यांना कंपन्यांचा पहारा. इतरांच्या वाट्याला 'नो-गो', म्हणजे जेथे कायद्याचे पाऊल पडत नाही असे मुलूख. महामार्गावर लुटारूंच्या टोळ्या, आणि त्यांना टिपून इनाम मिळविणारे, सरकारी परवाना बाळगणारे खासगी शिपाई. त्यांना 'सँक्शन्ड ऑप्स' म्हणतात. लुटारू किंवा शिपाई, खेळाडूने यांतील एक बाजू घ्यावयाची.

प्रलयोत्तर जगाच्या कथा त्या काळी विपुल होत्या. १९८१ च्या दुसऱ्या 'मॅड मॅक्स' चित्रपटात युद्धाने आणि तेलटंचाईने संस्कृती बुडालेली दिसते. 'डार्क फ्यूचर'मधला प्रलय निराळा आहे. येथे अणुबॉम्ब पडलेला नाही. निसर्गाचा ऱ्हास आहे, पण समाज मोडला आहे तो राज्यसंस्थेने आपली कर्तव्ये एकेक करून विकावयास काढल्यामुळे. अध्यक्ष आहे, कायदा आहे, कंपन्यांचे नफे तर चढत्या भाजणीचे आहेत. फक्त सुरक्षितता ही आता क्रयवस्तू झाली आहे.

ही कल्पना आकाशातून पडली नाही. थॅचरबाईंच्या सरकारने १९८४ मध्ये दूरध्वनी, १९८६ मध्ये गॅस, १९८७ मध्ये हवाई वाहतूक भांडवलबाजारात नेली; १९८९ मध्ये इंग्लंड व वेल्समधील पाणीपुरवठ्याचाही क्रम लागला. ज्या नॉटिंगहॅममधून या कंपनीचा कारभार चालतो, त्याच्या भोवतालच्या कोळसापट्ट्यात १९८४-८५ च्या संपाने खाणकामगारांत उभी फूट पाडली होती. आज पाणी विकले, उद्या पोलीस का नको, हा प्रश्न तेथील तरुणांच्या मनात येणे स्वाभाविक होते. खेळ रचणाऱ्यांनी तो अखेरपर्यंत ताणून पाहिला.

अर्थशास्त्राचे विद्यार्थी पॉल सॅम्युएल्सन यांचा १९५४ चा निबंध वाचतात. सार्वजनिक वस्तू एकाने उपभोगल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. म्हणून बाजारपेठ ती पुरेशा प्रमाणात पुरवू शकत नाही. शांतता व सुव्यवस्था हे तिचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. ती विकावयाची तर आधी कुंपण घालावे लागते, कारण पैसे न देणाऱ्याला वगळल्यावाचून देणारा पैसे का देईल? खेळातील रक्षित वस्ती आणि 'नो-गो' हे त्या कुंपणाचे दोन अंग होत. शिवाय इनामावर जगणाऱ्या शिपायाचे पोट लुटारूवरच अवलंबून असते. लुटारू संपले तर धंदाच बसला! शांतता प्रस्थापित करण्यात ज्याचा तोटा आहे, त्याच्याकडे शांतता सोपविण्याची ही व्यवस्था आहे.

तसा १९९५ आला नाही, हे खरे. पण दिशा चुकीची ठरली असेही म्हणवत नाही. १९९२ साली ब्रिटनमधला पहिला खासगी व्यवस्थापनाचा तुरुंग, 'वोल्ड्स', सुरू झाला. २०१३ मध्ये तो पुन्हा सार्वजनिक व्यवस्थेकडे आला. २००७ साली बगदादच्या निसूर चौकात 'ब्लॅकवॉटर' या अमेरिकन कंपनीच्या भाडोत्री रक्षकांनी सतरा नागरिकांना ठार केले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कंत्राटदार कंपनीला पुरेसे पहारेकरी पुरविता आले नाहीत, तेव्हा सैनिक बोलवावे लागले. कंत्राट कोसळले की धाव शेवटी राज्यसंस्थेकडेच घ्यावी लागते.

या खेळाभोवती कादंबऱ्याही निघाल्या. त्यांतील गाजलेल्या किम न्यूमन यांनी 'जॅक योव्हिल' या टोपणनावाने लिहिल्या. 'डीमन डाउनलोड' १९९० ची, 'कमबॅक टूर' १९९१ ची. या दुसरीत तर गायक एल्व्हिस प्रेस्ली हाच परवानाधारी शिपाई झालेला आहे. उपरोध धारदार, कल्पकता दांडगी. परंतु एक गोष्ट खटकते. व्यवस्थेच्या विघटनामागे कोण, हे शोधू लागताच या कथा एल्डर सेथ नावाच्या एका मायावी पंथप्रमुखाकडे आणि यंत्रांत शिरणाऱ्या पिशाचांकडे वळतात. माणसांनी सभागृहात हात वर करून घेतलेल्या निर्णयांचे खापर सैतानाच्या माथी फुटते. सैतानाचा वध करता येतो. ठराव मात्र रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी संघटना लागते.

खेळाच्या नियमांतही हीच उणीव आहे. 'नो-गो'त राहणारी बाई, रस्ता दुरुस्त करणारा मजूर, पाण्याचा टँकर घेऊन निघालेला चालक यांना पटावर खेळाडूची बाजू नाही. मारणारा आणि मारला जाणारा एवढेच जग. येथे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीचे स्मरण होते. हेन्री जॉर्ज यांच्या विचारांनी भारलेल्या मॅगीबाईंनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले. त्यांच्या खेळाला पुढे दोन नियमावल्या होत्या: एकीत एकजण बाकीच्यांना कंगाल करून जिंकतो, दुसरीत संपत्ती वाढली की सर्वांचाच लाभ होतो. १९३५ मध्ये 'मोनोपॉली' बाजारात आली तेव्हा पहिली राहिली, दुसरी गळाली. आपल्याकडे घरोघरी खेळला जाणारा 'व्यापार' याच घराण्यातला.

'डार्क फ्यूचर'ला कंपनीने लवकरच सोडून दिले. ती कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन बाजाराच्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. परंतु असे खेळ खेळणाऱ्यांची एक चांगली खोड आहे: ते छापील नियम अंतिम मानीत नाहीत. जुन्या मोटारींना नवी अंगे जोडतात, नियम दुरुस्त करतात, एकमेकांना फुकट वाटतात. तेव्हा याच पटावर एक तिसरी बाजू मांडून पाहावी. वस्तीने वर्गणी काढून उभा केलेला टँकरांचा तांडा वाळवंट ओलांडून सुखरूप पोहोचला, की जिंकला. इनाम कोणालाच नाही. असा डाव रंगणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी तो एकदा खेळून पाहावा आणि मग आपल्याला तो आधी का सुचला नाही याचा विचार करावा.