परवान्यावाचूनचे दार

२०२१ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे ‘टर्नर पारितोषिक’ हा ब्रिटनमधील समकालीन कलेचा बहुचर्चित सन्मान बेलफास्टच्या ‘अरे कलेक्टिव्ह’ या अकरा कलावंतांच्या समूहास मिळाला. १९८४ पासून दिले जाणारे हे पारितोषिक उत्तर आयर्लंडकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. समूहाच्या नावाचा उच्चार आपल्या ‘अरे’शी जुळतो, हा निव्वळ योगायोग. परंतु आमच्या मंडळाच्या एका बैठकीत या कलाकृतीची छायाचित्रे दाखविली गेली, तेव्हा ज्येष्ठांच्या तोंडून नेमका तोच उद्गार बाहेर पडला. ‘अरे, हा तर गुत्ता!’ पुढे तासभर जी चर्चा रंगली, तिच्यात या कलाकृतीवर दोन आक्षेप आले आणि एक स्तुती आली. आक्षेपांनी मी अस्वस्थ झालो, स्तुतीने अधिक. म्हणून हा लेखनप्रपंच.

कलाकृती काय होती, ते प्रथम पाहू. कॉव्हेंट्रीच्या हर्बर्ट कलादालनात या मंडळींनी एक काल्पनिक ‘शिबीन’ उभे केले. शिबीन म्हणजे परवान्यावाचून चालणारे मद्यालय. शब्द मूळ आयरिश भाषेतला. प्राचीन विधिस्थळांचे स्मरण देणाऱ्या ध्वजस्तंभांच्या वर्तुळातून प्रेक्षकाने आत शिरायचे. आत मद्यालयाची बैठक, डोक्यावर मोर्च्यांत मिरवतात तसल्या कापडी फलकांचे छत, आणि पडद्यावर एका रात्रीचे चित्रण. ही रात्र बेलफास्टमध्येच साजरी झाली होती. आयर्लंडची फाळणी १९२१ ची. तिला शंभर वर्षे झाली म्हणून या कलावंतांनी त्या शताब्दीचेच ‘वेक’ घातले. ‘वेक’ म्हणजे मृतदेहाशेजारचे रात्रीचे जागरण. आयरिश परंपरेत अशा रात्री लोक रडत, गोष्टी सांगत, गात, एकमेकांची थट्टा करीत, खेळही खेळत. धर्मगुरूंनी शतकानुशतके नाके मुरडली, तरी ही प्रथा टिकली. बेलफास्टच्या त्या जागरणाला पुराणकथांतून उतरल्यासारखी सोंगे हजर होती. तिचे नाव ‘द ड्रुथाइब्ज बॉल’.

आता हे बेलफास्ट कसले शहर आहे, याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथे रस्त्याच्या कडेच्या दगडांना कोणता रंग दिला आहे, यावरून वस्ती कोणाची ते कळते. घरांच्या उंच भिंतींवर बंदूकधाऱ्यांची चित्रे आहेत. जुलैच्या मिरवणुकांतून पंथाचे फलक नाचतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे मेली. वस्त्यावस्त्यांमध्ये १९६९ पासून उभ्या राहिलेल्या ‘शांतता-भिंतीं’पैकी पुष्कळ भिंती करारानंतरही जागेवरच राहिल्या. ध्वज, फलक, भित्तिचित्र, मिरवणूक ही दृश्यकलेची जी लोकांमधली साधने, ती सारी दोन्ही पक्षांनी फार पूर्वीच आपल्या नावावर करून घेतलेली आहेत. अशा गावात कलावंताने ध्वजस्तंभ उभारावा आणि त्यातून जाणाऱ्याला ‘तू कोणाचा?’ असा प्रश्न विचारू नये, हे किती कठीण असेल! शताब्दीच्या वर्षी तेथे एका पक्षाला उत्सव हवा होता, दुसऱ्याला ती तारीख म्हणजे जखम होती. या अकरा जणांनी उत्सवही नाकारला आणि शोकसभाही नाकारली. रडण्याला आणि हसण्याला सारखीच मुभा असणारा विधी त्यांनी निवडला. या निवडीतच त्यांची प्रतिभा मला दिसते.

पहिला आक्षेप असा की, अकरा जणांची कलाकृती कोणाची म्हणायची? सहीच नाही, तर कर्ता कोण? हा प्रश्न आपल्या मंडळात निघावा, याचे मला नवल वाटले. कोकणात आणि गोव्यात दशावतार पाहत वाढलेल्या आपल्या सभासदांनी संकासुराचे संवाद कोणी लिहिले, असे कधी विचारले आहे काय? ते रंगपीठावरच सुचतात आणि उभे राहतात. तरी तेथे कला आहे याविषयी आपल्याला शंका नसते. एकट्याच्या सहीचा आग्रह हा दालनांच्या व लिलावांच्या सोयीचा आहे. रसिकाने तो आपल्या माथी का घ्यावा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही कला नव्हे, ही चळवळ आहे, असे म्हटले गेले. हा समूह २०१६ पासून एकत्र काम करतो आहे; गर्भपाताचा हक्क, समलिंगी विवाह, आयरिश भाषेला मान्यता या मागण्यांसाठी तो सोंगे घेऊन, फलक रंगवून रस्त्यावर उतरला, हे खरे. उत्तर आयर्लंडमध्ये गर्भपात ऑक्टोबर २०१९ मध्ये गुन्ह्यांच्या यादीतून निघाला, समलिंगी विवाहाचा कायदा जानेवारी २०२० मध्ये अमलात आला. आणि हे बदल लंडनच्या संसदेने केले, कारण तेव्हा बेलफास्टचे विधिमंडळ ठप्प होते. समूहाच्या फलकांनी कायदा बदलला, असा दावा मी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, प्रचाराला समोरच्याचा होकार हवा असतो आणि या शिबीनला तो नको आहे. तेथे माणसाने यावे, बसावे, पटले नाही तर तसेच उठून जावे. आक्षेप घेणाऱ्यांपाशी एक गोष्ट मात्र मी कबूल करतो. त्यातील सोंगे ओबडधोबड वाटतात, आणि कित्येक थट्टा परक्या माणसाला कळणारच नाहीत. आम्ही सारेच छायाचित्रांवरून बोलतो आहोत, हेही विसरू नये.

आणि आता ती स्तुती. ‘कला असो वा नसो, समाजासाठी किती झटतात बिचारे!’ या ‘बिचारे’ शब्दाने मी दुखावलो. कलावंताला समाजसेवेचे प्रशस्तिपत्र देणे म्हणजे त्याच्या कामाकडे कला म्हणून पाहण्यातून स्वतःची सुटका करून घेणे. बड्या संस्थांनाही हे सोयीचे असते. २०२१ साली अंतिम फेरीतील पाचही नामांकने समूहांची होती. त्यांपैकीच एका समूहाने, ‘ब्लॅक ऑब्सिडियन साउंड सिस्टिम’ने, पारितोषिक चालविणाऱ्या टेट संस्थेच्या वागणुकीवर जाहीर टीका केली. समूहांचा गौरव करायचा आणि त्यांना राबवूनही घ्यायचे, या दुटप्पीपणावर त्यांनी बोट ठेवले. विजेत्यांच्या पारितोषिकाची रक्कम २५,००० पौंड. अकरांत वाटली तर प्रत्येकी सव्वादोन हजारांच्या आसपास. सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. शिबीनला दया नको आहे. ते जमले आहे की फसले आहे, हे सांगणारा रसिक हवा आहे.

मी बेळगावचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखलेल्या रेघेच्या या बाजूला आम्ही राहतो. त्या तारखेला आमच्या गावी एका रस्त्याने राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो. आयर्लंडच्या रक्तपाताशी आपल्या वादाची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याविषयी माझे मत वडिलांपासून चालत आलेले आहे व ते बदललेले नाही. परंतु मंडळाचे जुने अंक मी अलीकडे चाळले, तेव्हा सीमेवरील कवितांत दोनच सूर आढळले, एक वीरश्रीचा आणि दुसरा विलापाचा. या रेघेपायी आपले आणि शेजाऱ्याचे जे हसे होते, दुकानाच्या पाटीवरून जी रुसवेफुगवी चालतात, घरात तीन भाषांची जी मजेदार खिचडी शिजते, तिचा मागमूस नाही. आपण लढलो, रडलो. स्वतःला हसलो मात्र नाही. न्यायालयातल्या बाजूला आपल्या हसण्याने धक्का लागेल, असे मानणाऱ्यांचा त्या बाजूवरचा विश्वासच कच्चा म्हटला पाहिजे.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. येत्या नोव्हेंबरची बैठक व्यासपीठ, हारतुरे व अध्यक्षीय समारोप यांवाचून, मागील अंगणात घ्यावी. प्रत्येकाने सीमेविषयीची एक खरी घडलेली गंमत सांगावी. गल्लीतल्या कानडी शेजाऱ्यांनाही बोलवावे. त्यांच्याकडेही अशा गमती असणारच. मद्याचा आग्रह नाही, चहा पुरेल. त्याला परवाना लागत नाही.