आधी शिक्षक, मग भाषा

लहान मुलाला परकी भाषा कोणत्या वयात शिकवावी, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा वाटला, तरी मुलांचा वेळ, शिक्षकांची तयारी आणि घराघरांतील आर्थिक अंतर या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या असल्यामुळे तो अखेरीस समाजरचनेचा प्रश्न ठरतो. यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग प्राथमिक शाळेतील भाषाशिक्षणाला वाहिलेला असून, त्याची प्रस्तावना म्हणून जपानमधील वादाचा परामर्श येथे घेतला आहे. उच्च शिक्षण, न्यायदान, प्रशासन आणि विज्ञान हे सर्व व्यवहार स्वभाषेत चालवणाऱ्या या देशाला इंग्रजीची ओढ का लागावी आणि त्या ओढीला तेथील विचारवंतांनी इतका विरोध का करावा, हे समजून घेणे मराठी वाचकाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

या वादाचे मूळ मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतरच्या आधुनिकीकरणाच्या पर्वात सापडते. वॉशिंग्टन येथे जपानचे राजनैतिक प्रतिनिधी असलेले आणि पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री झालेले मोरी आरिनोरी यांनी १८७२-७३ च्या सुमारास असे सुचवले की, व्यापार व विज्ञानाच्या युगात जपानी भाषा अपुरी पडेल, म्हणून राष्ट्राने सुलभ केलेली इंग्रजी स्वीकारावी. त्यांनी ज्यांचा सल्ला मागितला ते अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनीच ही कल्पना अमान्य केली. त्याच सुमारास लंडनमध्ये शिकणाऱ्या बाबा तात्सुई या तरुणाने १८७३ मध्ये जपानी भाषेचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि त्याच्या प्रस्तावनेत मोरींना उत्तर दिले. परकी भाषा शिकण्याची सवड श्रीमंतांना असते, कष्टकऱ्यांना नसते. त्यामुळे राज्यकारभाराची भाषा इंग्रजी झाली, तर बहुसंख्य जनता सार्वजनिक जीवनाबाहेर फेकली जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. भाषेचा अभिमान बाजूला ठेवून समान संधीच्या कसोटीवर भाषाधोरण तपासण्याची ही रीत आजच्या वादालाही लागू पडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर माध्यमिक शाळेत इंग्रजी हा नावापुरता ऐच्छिक, पण व्यवहारात सार्वत्रिक विषय झाला. १९७४ मध्ये सत्ताधारी पक्षाचे खासदार हिराइझुमी वातारू यांनी त्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. सर्वांना वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवूनही फळ मिळत नसेल, तर सुमारे ५ टक्के लोकांना ती उत्तम यावी एवढेच ध्येय ठेवावे, असे त्यांनी मांडले. तोक्योच्या सोफिया विद्यापीठातील प्राध्यापक वातानाबे शोइची यांनी त्याला विरोध करताना म्हटले की, परक्या मजकुराचा व्याकरणाच्या आधारे अर्थ लावणे हा बुद्धीला वळण लावणारा व्यायाम असून त्याचे मोल संभाषणकौशल्यावर ठरत नाही.

प्राथमिक शाळेपर्यंत इंग्रजी पोहोचली ती त्यानंतर, आणि तीही टप्प्याटप्प्याने. १९९२ मध्ये ओसाका येथील दोन शाळांत प्रयोग सुरू झाले. २००२ पासून ‘एकात्मिक अध्ययना’साठी, म्हणजे विषयांच्या चौकटीबाहेरील उपक्रमांसाठी राखलेल्या तासिकांत इंग्रजी संभाषणाला मुभा मिळाली. प्रत्येक शाळा आपापल्या कुवतीप्रमाणे हे करू लागल्यावर शाळाशाळांत तफावत पडली, आणि ती दूर करण्यासाठी इंग्रजी सर्वत्र सारखी असावी, हा सक्तीच्या बाजूचा एक प्रमुख युक्तिवाद झाला. २००६ मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या इबुकी बुनमेई यांनी आधी जपानी नीट यावी, असे म्हणून सक्तीला जाहीर विरोध केला. तरीही एप्रिल २०११ पासून पाचवी-सहावीत ‘परकी भाषा उपक्रम’ म्हणून वर्षाला ३५ तासिका अनिवार्य झाल्या. एप्रिल २०२० पासून हा उपक्रम तिसरी-चौथीत सरकला, तर पाचवी-सहावीत वर्षाला ७० तासिकांचा, पाठ्यपुस्तक आणि मूल्यमापन असलेला पूर्ण विषय उभा राहिला. ६०० ते ७०० शब्दांचा परिचय प्राथमिक शाळेतच व्हावा, अशी अपेक्षाही अभ्यासक्रमात नोंदवली गेली.

विरोधकांचे युक्तिवाद एकाच तोलाचे नाहीत. गणितज्ञ फुजिवारा मासाहिको यांच्यासारख्यांनी स्वभाषा व राष्ट्रीय संस्कार यांच्या नावाने विरोध केला. प्राथमिक शाळेतच १,०२६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरे, शिकाव्या लागणाऱ्या मुलांचा विचार करता त्यात तथ्य आहे, पण दोन भाषा एकमेकींच्या वैरिणी असतात असे त्यातून सिद्ध होत नाही. भाषाशास्त्रज्ञ ओत्सु युकिओ यांची भूमिका अधिक भक्कम आहे. प्राथमिक शाळेत मुलांचे लक्ष भाषा नावाच्या व्यवस्थेकडेच वेधावे, मातृभाषेची घडण त्यांना जाणवू द्यावी आणि त्या जाणिवेच्या पायावर पुढे परकी भाषा उभारावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दुभाषी म्हणून ख्याती मिळवलेल्या तोरिकाई कुमिको यांनीही घाईच्या धोरणावर सातत्याने टीका केली. इंग्रजीवरच आयुष्य उभे असलेल्या व्यक्तीने हा इशारा द्यावा, यामुळे त्याचे वजन वाढते.

‘लवकर सुरुवात केली की भाषा आपोआप येते’ या समजुतीचा हिशेब येथे मांडलाच पाहिजे. तिसरी ते सहावी या चार वर्षांच्या एकूण तासिका २१० होतात. ४५ मिनिटांच्या तासिकेप्रमाणे ते सुमारे १५७ तास, म्हणजे एखाद्या मुलाचे जागेपणीचे जेमतेम अकरा-बारा दिवस. परदेशी स्थलांतरित झालेले मूल शेजाऱ्यांची भाषा झपाट्याने उचलते ते दिवसभर तिच्यात वावरते म्हणून. आठवड्यातून एक-दोन तासिका मिळणाऱ्या मुलाला तो नियम लावता येत नाही. स्पेनमधील बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, मोजक्या शालेय तासिकांच्या परिस्थितीत उशिरा सुरुवात करणारी मुले तेवढ्याच तासांत अधिक वेगाने शिकतात, असे आढळले.

खरी अडचण शिक्षकांची आहे. जपानच्या प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकच जवळजवळ सर्व विषय शिकवतो, आणि त्यांतील बहुसंख्यांनी इंग्रजी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेले नव्हते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानी प्राथमिक शिक्षकांचे काम आठवड्याला ५४ तासांहून अधिक भरले; अशा थकलेल्या माणसावर नवा विषय सोपवताना सरकारने परदेशी साहाय्यकांची जोड दिली, परंतु वरच्या इयत्तांसाठी विषयशिक्षक नेमण्याच्या धोरणाला २०२२ मध्ये, म्हणजे विषय सक्तीचा झाल्यानंतर दोन वर्षांनी, गती दिली गेली. आधी करायचे ते नंतर झाले.

शाळा अपुरे देते तेथे उरलेले बाजार पुरवतो. संभाषणवर्ग आणि ‘जुकू’, म्हणजे खासगी शिकवण्या, परवडणाऱ्या घरांतील मुले पुढे जातात. २०१९ मध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी खासगी संस्थांच्या इंग्रजी चाचण्या वापरण्याची योजना होती. विद्यार्थ्यांनी आपापल्या ऐपतीनुसार स्पर्धा करावी, अशा अर्थाचे विधान शिक्षणमंत्री हागिउदा कोइची यांनी केले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि १ नोव्हेंबरला ती योजना लांबणीवर टाकावी लागली. बाबा तात्सुई यांची भीती जवळपास दीड शतकानंतर अशी प्रत्यक्षात उतरली. २०२३ च्या राष्ट्रीय चाचणीत नववीच्या वयाच्या विद्यार्थ्यांची इंग्रजी बोलण्यातील बरोबर उत्तरे सरासरी सुमारे १२ टक्केच निघाली. प्रश्न कठीण होते आणि हे विद्यार्थी सहावीत असताना महामारीने शाळा बंद पडल्या होत्या, हे खरे. तथापि लवकर केलेली सुरुवात स्वतःच फळ देते, हा विश्वास या निकालाने डळमळीत केला आहे.

महाराष्ट्राशी या वादाचे नाते दूरचे नाही. २००० मध्ये मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचे शासन निर्णय निघाले, त्यांना तीव्र विरोध झाला आणि २९ जूनला ते मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोन्ही वेळी भाषेच्या थोरवीवर जेवढे बोलले गेले, तेवढे ती शिकवणाऱ्या शिक्षकाबद्दल, तिच्यासाठी कोणत्या विषयाचा वेळ कापला जाणार याबद्दल आणि जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी वा दोनशिक्षकी शाळेत हे कसे पेलणार याबद्दल बोलले गेले नाही. वाडी-तांड्यांवरील मुलांच्या घरची भाषा अनेकदा प्रमाण मराठीहून वेगळी असते. त्यांच्यासाठी पहिलीचा वर्ग हाच एका नव्या भाषेतील प्रवेश असतो, हेही विसरले जाते.

जपानच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष इंग्रजीच्या विरोधात नाही आणि कोणत्याही भाषेच्या विरोधात नाही. प्रशिक्षित शिक्षक, पुरेसा वेळ आणि गरीब मुलाला शिकवणीविना शिकता येईल अशी शाळा या तीन गोष्टी सिद्ध नसताना वय खाली आणणे हे धोरण नसून मुलांच्या वेळेची उधळपट्टी आहे, असा तो स्पष्ट निष्कर्ष आहे. म्हणून पालकांनी, शिक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनी यापुढे ‘कोणत्या इयत्तेपासून?’ असे विचारण्याआधी ‘कोण शिकवणार आणि कशाच्या बदल्यात?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे, एवढीच या अंकाची विनंती आहे.