सेवा फुकटच का असावी?



गळीत हंगाम संपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, आणि आपल्यालाही चार दिवस जरा उसंत मिळाली. तेव्हा उसाच्या बिलाचा आणि खताच्या भावाचा विषय थोडा बाजूला ठेवून आज एका वेगळ्या विषयावर चार शब्द लिहितो आहे. विषय आहे आपल्या गावोगावच्या महिला मंडळांचा.

आपल्या कार्यक्षेत्रात महिला मंडळ नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. पण मंडळाचे काम काय, असे विचारले तर उत्तर ठरलेले. संक्रांतीला हळदीकुंकू, आठ मार्चला रांगोळी स्पर्धा, दोन ऑक्टोबरला हातात झाडू घेऊन फोटो. पाहुणे आले की पंचारती घेऊन उभे राहायचे ते मंडळाने, आणि भाषण संपले की चहा द्यायचा तोही मंडळाने. मानपत्रात मात्र ‘सेवाभावी महिला’ असे लिहिलेले असते. शब्द मोठा गोड आहे. पण त्या शब्दाच्या आड आपण काय काय झाकतो, ते एकदा बघायला पाहिजे.

घरचेच उदाहरण सांगतो. पाच वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडळाने ओढ्याच्या काठी दीडशे झाडे लावली. करंज, जांभूळ, उंबर अशी पाण्याकाठची झाडे. आमच्या सौभाग्यवती त्या मंडळाच्या सचिव. दोन उन्हाळे बायकांनी पाळ्या लावून घागरीने पाणी घातले. झाडे कमरेएवढी झाली. आणि एके सकाळी कसल्याशा कामाला यंत्र आले व दुपारपर्यंत काठ साफ झाला. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, ‘झाडे मंडळाची आहेत असे कागदावर कुठे आहे?’ खरेच नव्हते. जागा त्यांच्या ताब्यात नाही, झाडे त्यांच्या नावावर नाहीत, खात्यात पैसा नाही. होती ती नुसती सेवा. त्या दिवसापासून घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही. पण मंडळाच्या बैठकीला येणाऱ्या बायका तेव्हापासून निम्म्या झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हे सगळे मनात असतानाच मध्यंतरी घाट उतरून खाली सिंधुदुर्गात जाणे झाले. माझी चुलत बहीण मालवणकडे दिलेली आहे. तिच्याकडे दोन दिवस राहिलो आणि तिच्याच आग्रहावरून वेंगुर्ल्याला जाऊन मांडवीची खाडी पाहून आलो. त्या खाडीत बायका होडी चालवतात, हे ऐकून होतो. पाहिल्यावर मात्र विचार करायला लागलो.

वेंगुर्ल्याच्या ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने २०१७ साली तिथे कांदळवनाची सफर सुरू केली. या बायका मच्छीमार घरातल्या. जन्म खाडीकाठी गेलेला. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची जैवविविधता राखण्यासाठी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने जो प्रकल्प चालला होता, त्यातून आणि शासनाच्या कांदळवन कक्षाच्या सहकार्याने त्यांना शिकवणूक व साधने मिळाली. पण वल्ही मारायची ती त्यांनीच. पाहुण्यांना होडीत बसवायचे, भरती-सुकतीची वेळ बघायची आणि दोन्ही काठांच्या झाडांची ओळख करून द्यायची. पावसाळ्यात काम बंद, कारण खाडीचा तेव्हा भरवसा नाही.

आपण घाटावरची माणसे. आपल्याला ती झाडे म्हणजे चिखलातले जंगल वाटते. पण तिथे गेल्यावर कळते की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी खाली उतरतात आणि झाडाला पायावर उभे केल्यासारखे धरतात. तिवराची आणि चिप्पीची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते. हातभर लांबीची शेंग खाली पडते ती थेट चिखलात उभी रोवली जाते, नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरते. उसाचे बेणे लावणाऱ्या आपल्यासारख्यांना यात शिकण्यासारखे आहे! या मुळांच्या जाळ्यात कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात. म्हणजे खाडीतली ती झाडे ही मासळीची रोपवाटिकाच. वादळवाऱ्यात लाटांचा जोर ही झाडे अंगावर घेतात आणि काठ धुपू देत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याकडे घरांचे, बागांचे आणि होड्यांचे केवढे नुकसान झाले ते आपण ऐकले आहे. किनाऱ्याला अशा आडोशाची किंमत तेव्हा कळते.

कांदळवन वाचवायला कायदा नाही असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला की कांदळवन तोडणे हा माणसाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. २०२० साली पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाला. चांगलेच झाले. पण न्यायालय मुंबईत, खाते जिल्ह्याला, आणि खाडी मात्र रोज रात्रंदिवस तिथेच. तिच्यावर नजर ठेवणार कोण? जिची होडी रोज त्या पाण्यात जाते तीच ना? खाडीत कचरा साठला, झाडे तुटली, तर उद्या पाहुणा यायचा नाही. म्हणून खाडी राखणे हा त्या बायकांच्या पोटापाण्याचाच भाग झाला. तिला वेगळे ‘सेवा’ म्हणून नाव द्यावे लागत नाही.

याउलट गोष्ट मालवणची. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. हेतू उत्तम होता. पण आमच्या पोटाचे काय, असे विचारून तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. वरून आलेला हुकूम कितीही चांगला असला तरी ज्यांनी तो पाळायचा त्यांचा त्यात वाटा नसेल, तर तो दप्तरात राहतो. आपल्याला हे नव्याने सांगायला नको. शेतकऱ्याचा वाटा नसलेले साखर कारखाने कसे चालत, ते बघूनच आपल्या वाडवडिलांनी सहकाराची वाट धरली.

आता काही मंडळी म्हणतील, ‘अहो, पैसे घेऊन केली ती सेवा कसली? तो तर धंदा झाला.’ हा आक्षेप मी मंडळातल्याच जुन्या बायकांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सेवासदन निघाले. नावातच सेवा. पण तिथे काय केले? विधवा आणि गरजू बायकांना परिचारिकेचे, शिक्षिकेचे शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे केले. त्या परिचारिकांनी पगार घेतला म्हणून रोग्याची शुश्रूषा कमी झाली का? पुढे १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. तेच आजचे लिज्जत. आणि वेंगुर्ल्यातच नारळाच्या सोडणापासून काथ्या करणाऱ्या बायकांची सहकारी संस्था उभी आहे. देवगडकडे वाडातरच्या बायकांनी खाडीत कालवे वाढवण्याचा उद्योग केला. ओहोटीला खडकावरची कालवे काढणे हे तिथल्या बायकांचे पिढ्यान्पिढ्यांचे काम. अंगात असलेल्या त्याच विद्येला त्यांनी नवी जोड दिली.

खरे सांगायचे तर पुरुषांच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारतच नाही. दूध संस्थेच्या सचिवाला पगार असतो, पाणीपुरवठा संस्थेच्या पाटकऱ्याला पगार असतो, संचालकांना बैठकीचा भत्ता असतो. कोणी म्हणत नाही की यांच्यात सेवाभाव उरला नाही. मग बाईने ओढा राखला, पोरे सांभाळली, गाव झाडले, तरच ते फुकट का? फुकट काम लोक विसरतात, आणि विसरलेले काम यंत्राच्या एका फेऱ्यात उखडले जाते. आमच्या ओढ्यावर तेच झाले.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नुसता पैसा आला की सगळे नीट होते असेही नाही. पाहुण्यावर अवलंबून असलेले काम पाहुण्याबरोबर थांबते. २०२० साली टाळेबंदी आली आणि साऱ्या कोकणातले पर्यटन बसले. तेव्हा कामाला दोन पाय हवेत. एक मिळकतीचा, दुसरा गावाच्या गरजेचा. एकावर भार आला तर दुसरा धरील.

म्हणून आपल्या कारखान्यापुढे तीन सूचना ठेवतो. संचालक मंडळाने त्यांचा विचार करावा.

पहिली सूचना रोपवाटिकेची. एक डोळा पद्धतीची रोपे आता आपल्यापैकी पुष्कळजण लावतात. पाच फूट बाय दोन फुटांवर लावण केली तर एकरी सुमारे ४,३५० रोपे लागतात, आणि महिना-चाळीस दिवसांत ती तयार होतात. हे काम बायकांच्या हाताला बसणारे आहे. ऊसविकास विभागाने मंडळांच्या बचत गटांना बेणे आणि शिकवणूक द्यावी, भाव आधी लेखी ठरवावा, आणि पैसे गटाच्या खात्यावर जमा करावेत. नवऱ्याच्या ऊसबिलात मिळवून नव्हे! त्या मिळकतीतला ठरावीक हिस्सा गटाने गावकामासाठी ठेवावा आणि तो कशावर खर्च करायचा ते गटानेच ठरवावे.

दुसरी सूचना तोडणी टोळ्यांच्या पोरांची. हंगामात टोळीतली बाई पहाटे कोयता घेऊन फडात जाते आणि तान्हे मूल बांधावर साडीच्या झोळीत. मोठी पोरगी शाळा सोडून त्या झोळीपाशी बसते. साखरशाळांचे प्रयत्न झाले, काही ठिकाणी टिकले, काही ठिकाणी बंद पडले. तळाशेजारच्या गावातल्या मंडळाने पाळणाघर चालवावे आणि कारखान्याने त्यांना मानधन द्यावे. आपल्या पोत्यातली साखर त्या पोरीच्या बुडालेल्या शाळेतूनही आलेली आहे, हे आपण विसरू नये.

तिसरी सूचना कागदाची. मंडळाने जे झाड लावले, जी जागा राखली, तिची नोंद ठरावात व्हावी आणि देखभालीचा हक्क मंडळाकडे लेखी असावा. आमच्या दीडशे झाडांना एक कागद कमी पडला.

यासाठी बायकांना सभेत यावे लागेल, हेही सांगतो. सहकार कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. कितीतरी घरांत शेअर बाईच्या नावावर असतो. पण वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येते ती घडी न मोडता फडताळात जाते. सभेला जातो नवरा किंवा मुलगा, आणि बाईच्या वाट्याला येते ती सवलतीची साखर. यंदा हे बदलू या. ज्यांच्या नावावर शेअर आहे त्यांनी स्वतः सभेला यावे आणि वरच्या तीन गोष्टींवर प्रश्न विचारावा.

मालवणहून निघताना बहिणीला मी आमच्या ओढ्याची गोष्ट सांगितली. ती आता पुरती तिकडची झाली आहे. मासे निवडता निवडता म्हणाली, “दादा, बायलांका शाबासकी पुरे झाली रे. कायतरी त्यांच्या हातात दी.”

परत आल्यावर सौभाग्यवतींना ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मंडळाचे जुने ठरावबुक ट्रंकेतून काढून त्यांनी टेबलावर ठेवले. पुढच्या बैठकीची तारीख त्यात लिहिली आहे. बैठकीला किती बायका येतात, हे आपण सभासद त्यांच्या हातात काय देतो त्यावर ठरेल.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद