सेंद्रिय शेती आणि शेतकऱ्याचे मन

सेंद्रिय शेतीचे फायदे सांगणारी भाषणे गावोगाव झाली, शिबिरे झाली, पुस्तिकाही वाटल्या गेल्या. तरीही बहुसंख्य शेतकरी युरियाची गोणी सोडायला तयार नाहीत. 'शेतकरी अडाणी आहे, त्याला कळत नाही' असा शेरा मारून मोकळे होणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्हाला हा शेरा मान्य नाही. शेतकऱ्याला सारे कळते. त्याला भीती वाटते आणि ती भीती निराधार नाही.

विदर्भातील कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्याचेच उदाहरण घ्या. बियाणे उधारीवर, खत उधारीवर आणि सारी भिस्त पावसावर. रासायनिक खत बंद केले की पहिली काही वर्षे उत्पादन घटू शकते, हे तो जाणतो. शिवाय प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी हंगामी पिकांसाठी साधारण २ आणि फळबागांसाठी ३ वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. या काळात कष्ट सेंद्रिय शेतीचे, पण भाव बहुधा साध्या मालाचा! म्हणजे तोटा समोर उभा आणि फायदा दूरचा. डॅनियल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले की, मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा तेवढाच पैसा गमावल्याचे दुःख माणसाला अधिक बोचते. दुकानदार तरी याला कुठे अपवाद आहे?

दुसरी गोष्ट चारचौघांच्या नजरेची. ज्याच्या रानात तण नाही आणि ज्याचे पीक हिरवेगार, तो चांगला शेतकरी, असे गाव मानते. युरिया टाकला की थोड्याच दिवसांत पीक हिरवे दिसते. शेणखताचा गुण सावकाश येतो. 'यंदा खताला पैसे नव्हते काय?' असे बांधावरून कोणी विचारले, की भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो.

ही भीती हुकूम काढून जात नाही. श्रीलंका सरकारने २०२१ साली रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भाताचे उत्पादन घसरले, शेतकरी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. उलट सिक्कीमने २००३ साली संकल्प केला आणि २०१६ साली संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून त्याची घोषणा झाली. तेथे रसायनांचा वापर मुळातच कमी होता हे खरे. पण मने वळविण्यास वेळ दिला गेला, हेही तितकेच खरे.

मग उपाय काय? शेतकऱ्याने सारे शिवार एकदम न बदलता एका एकरापासून सुरुवात करावी. तेवढा तोटा संसार मोडत नाही. एकट्याने न करता गटाने करावे. पीजीएस प्रमाणीकरणात किमान ५ शेतकऱ्यांचा गट परस्परांच्या शेताची पाहणी करतो. त्यामुळे चारचौघांची नजरच पाठीराखी होते.

व्यापाऱ्यांचेही येथे कर्तव्य आहे. धान्य, फळे वा मसाल्याच्या धंद्यात असलेल्या आमच्या वाचकांनी संक्रमणकाळातील माल थोड्या वाढीव भावाने घेण्याचा शब्द पेरणीपूर्वीच, लेखी द्यावा. तीन वर्षांनंतर तयार झालेला सेंद्रिय माल सर्वांनाच हवा असतो. त्यापूर्वीची झळ मात्र शेतकऱ्याने एकट्याने सोसावी, हा कोणता न्याय? जोखमीत वाटेकरी मिळाला, तर शेतकऱ्याचे मन वळविण्यास भाषणांची गरज उरणार नाही.