गुन्हा नाही, मग नोकरी का जाते?

समलैंगिकांना नोकरीत कायद्याचे संरक्षण हवे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीचे संबंध कलम 377 मधून वगळले. आता आणखी कायदा कशाला?

डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, कवी होते. फेब्रुवारी 2010 मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. लगोलग विद्यापीठाने समलैंगिक संबंधांवरून त्यांना निलंबित केले, घरही रिकामे करायला सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल 2 जुलै 2009 लाच दिला होता. म्हणजे गुन्हा नव्हता, तरी कारवाई झाली. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला सिरस भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

दुसरा आक्षेप असा, की खासगी गोष्ट घरात ठेवावी. सिरसांनी ती घरातच ठेवली होती. चव्हाट्यावर आणली ती इतरांनी. शिवाय लग्न ठरले की सहकारी ऑफिसात पेढे वाटतो, विम्याच्या अर्जात बायकोचे नाव भरतो. त्याला कोणी गप्प राहा म्हणत नाही.

तिसरा आक्षेप, आहेत ते कायदे पुरेत. पुरत नाहीत. राज्यघटनेतील सरकारी नोकरीतल्या समान संधीची हमी खासगी मालकाला बांधत नाही. परभणीजवळच्या पेडगावचा एखादा मुलगा चाकणला कंत्राटावर लागला आणि कुणीतरी त्याच्याबद्दल कुजबुज केली, तर ठेकेदार एवढेच म्हणेल, ‘उद्यापासून येऊ नको.’ कारण कागदावर येणारच नाही. 2019 चा कायदा नोकरीतला भेदभाव रोखतो खरा, पण तो तृतीयपंथी व्यक्तींपुरता आहे. समलैंगिक म्हणून या मुलाला त्याचा आधार नाही.

उरला शेवटचा आक्षेप: कायद्याने मने बदलत नाहीत. पण महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा जातपंचायतींचे मनपरिवर्तन होण्याची वाट पाहिली नाही. मन बदलायला पिढी लागेल. महिन्याचा पगार तेवढा थांबू शकत नाही.

म्हणून कायदा हवा, आणि तो नेमका हवा. नेमणूक, बढती, बदली, बडतर्फी या प्रत्येक टप्प्यावर लैंगिक कलावरून होणारा भेदभाव त्याने रोखावा. खासगी आस्थापना आणि कंत्राटी कामगार त्यात यावेत. तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे आणि कामावरून काढण्याचे कारण मालकाने लेखी द्यावे. हे काही परके खूळ नव्हे. उपचारांत लैंगिक कलावरून भेद करू नये, असे मानसिक आरोग्य कायद्यात 2017 पासूनच लिहिलेले आहे. दवाखान्यात मान्य झालेले तत्त्व कारखान्यात का नको?

शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. 16 वी लोकसभा संपली आणि ते बाद झाले. महाराष्ट्रातून 48 खासदार लोकसभेत जातात. त्यांतल्या आपल्या खासदाराला प्रत्येक मतदाराने विचारावे: हे विधेयक पुन्हा केव्हा मांडणार?