ओली बाळंतीण आणि शिंकांची गोळी

पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी यावे, ही आपली जुनी रीत. मुंबई-पुण्याला संसार थाटलेल्या मुली या निमित्ताने महाड-पोलादपूरकडे परततात आणि भाद्रपद-आश्विनात पाळणा हलला असेल, तर दिवाळीही तिथेच होते. कौतुकाला तोटा नसतो. पण नेमक्या याच दिवसांत कित्येकींना एक त्रास सुरू होतो. सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका, नाकाला धार, डोळ्यांना खाज. कुणाच्या अंगावर पित्ताच्या गांधी. यालाच आज आपण ॲलर्जी म्हणतो. वावडे हा त्याला आपला जुना शब्द.

कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारा हा मुलूख. भिंतींची ओल लवकर हटत नाही आणि तिच्यावर बुरशी धरते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री-गांधारीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्या महाडकरांना ओल म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. त्यातच शेतात भाताची कापणी-झोडणी, घरात माळे झाडणे, ट्रंकेतल्या गोधड्या बाहेर काढणे आणि अंगणात फटाके. बाळंतिणीची खोली मात्र खिडक्या लावून बंद, आणि आत दोन्ही वेळा ओवा-वावडिंगाची धुरी! नाकाने बिचाऱ्याने करावे तरी काय?

तेव्हा पहिला उपाय औषधाचा नव्हे. खिडकी उघडा, धुरी बंद करा. तान्ह्या बाळाच्या छातीलाही तो धूर नकोच असतो. झाडलोट चालू असेल तेव्हा मायलेकरांना दुसऱ्या खोलीत बसवा. गोधड्यांना कडक ऊन द्या. नाक धुण्यासाठी औषधाच्या दुकानात तयार मिठाचे पाणी मिळते. ते दुधात उतरत नाही आणि आराम चांगला देते.

एवढ्याने भागले नाही, की घरात तीन मते निघतात. आजी म्हणते, “अगं, गोळीबिळी घेऊ नकोस, सगळी दुधात उतरते.” वहिनी म्हणते, “वन्सं, माझ्याकडची गोळी घ्या, रात्री गाढ झोप लागेल.” आणि शेजारच्या काकू सुचवतात, “औषध घे, पण चार दिवस अंगावर पाजू नकोस.” तिघींच्याही बोलण्यात माया आहे, पण तिन्ही सल्ले धोक्याचे आहेत.

आजीचे म्हणणे अर्धे खरे आहे. आईच्या रक्तातले औषध दुधात उतरते. प्रश्न किती उतरते, हा आहे. लोराटाडिन या झोप न आणणाऱ्या औषधाचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. सहा मातांना नेहमीच्या चौपट, म्हणजे ४० मिलिग्रॅम औषध देऊन पुढचे ४८ तास दूध तपासले. त्यात उतरलेले औषध घेतलेल्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी भरले. म्हणून पाजणाऱ्या आईला डॉक्टर बहुधा लोराटाडिन किंवा सेटिरिझिन सुचवतात. नाकात मारण्याचे काही फवारेही चालतात. त्यांतले औषध रक्तात फारच थोडे जाते.

वहिनीच्या गोळीची गोष्ट वेगळी. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, प्रोमेथाझिन ही जुन्या पिढीतली औषधे गुंगी आणतात. एखादी मात्रा घेतली म्हणून अनर्थ होत नाही; पण ती रोज घेतली तर बाळ सुस्तावते, नीट ओढत नाही, किंवा उलट किरकिरे होते. मोठ्या मात्रेने दूधही कमी होऊ शकते. शिवाय कुशीत तान्हे बाळ आणि आईला औषधाची गाढ झोप, हा प्रसंग किती बिकट, ते सांगावयास नकोच. अशी गोळी घ्यावीच लागली, तर बाळाला त्या रात्री पाळण्यात निजवावे.

सर्दीच्या मिश्र गोळ्यांपासूनही जपावे. त्यांत चार-चार औषधे कोंबलेली असतात. नाक मोकळे करणारे स्युडोएफेड्रिन ८ मातांना ६० मिलिग्रॅम, तेही एकदाच दिले, तेव्हा त्यांचे दिवसभराचे दूध सुमारे २४ टक्क्यांनी घटले, असे २००३ सालच्या अभ्यासात दिसून आले. कोडीन असलेले खोकल्याचे औषध तर पाजणाऱ्या आईने घेऊच नये. आणि आईची गोळी वा सिरप बाळाला चाटवण्याचा विचारही नको. क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे.

राहिला काकूंचा सल्ला. चार दिवस पाजणे बंद केले, तर दूध आटू लागते, छाती दाटून ठणकते आणि बाळ बाटलीला सोकावते. साध्या शिंकांपायी एवढी किंमत कशासाठी द्यावयाची?

म्हणून दुकानदाराकडून गोळी मागून घेण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे आणि पहिले वाक्य हेच बोलावे : “मी अंगावर पाजते आहे, बाळ इतक्या दिवसांचे आहे.” बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर तेही सांगावे. एकाच औषधाची, गुंगी न आणणारी गोळी, कमीत कमी मात्रेत आणि लागतील तितकेच दिवस, एवढे विचारून घ्यावे. पित्ताच्या गांधींना आमसुलाचे पाणी लावावयास हरकत नाही; परंतु ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, घेरी आली, तर आमसुलाची वाटी बाजूला ठेवून ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करावा. पोलादपूरच्या घाटाकडल्या वाड्यांतून दवाखाना गाठावयास वेळ लागतो, तेव्हा “बघू जरा वेळ” असे म्हणत बसू नये. त्या वेळी द्यावयाचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन पाजणाऱ्या आईलाही चालते.

बाळाची पहिली दिवाळी आईने नाक पुसत आणि मनात भीती धरून का काढावी? औषध घ्यावे, विचारून घ्यावे आणि बाळाला पोटभर पाजावे. घरोघरच्या पाळण्यांना ही दिवाळी सुखाची जावो!