लाईट लागते, पण खुर्ची हलत नाही

पुण्या-बेंगळुरूत किंवा त्याही पलीकडे नोकरीला असलेली आपली मुलं हल्ली आई-बाबांसाठी, आजीसाठी बॅटरीवरची व्हीलचेअर ऑनलाइन मागवून गावी पाठवतात. चांगलंच करतात. उंबऱ्यावर फळी टाकून सोप्यातून अंगणात कुणाला हाक न मारता जाता येणं, हे आजीसाठी किती मोठं आहे ते तिलाच विचारा. पण ती खुर्ची बंद पडली तर बेळगुंदीला दुरुस्तीला कोण येणार, हा प्रश्न ऑर्डर देताना कुणाला पडत नाही. तंत्रज्ञ मोठ्या शहरात, सुटा भाग त्याहून लांब, आणि तोवर आजी परत कॉटवर. म्हातारं माणूस पंधरा दिवस पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, पायातलं उरलंसुरलं बळ जातं.

ही अडचण फक्त आपल्या खेड्यातली नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये खास बॅटरीवरच्या व्हीलचेअरसाठी कायदा केला. कंपनीने सुटे भाग, माहितीपत्रकं आणि सॉफ्टवेअर मालकाला व बाहेरच्या मेकॅनिकला दिलंच पाहिजे, असं तो म्हणतो. आपल्याकडेही त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, पण त्याची सुरुवात शेतीची यंत्रं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार गटांपासून झाली. व्हीलचेअरला त्यात वेगळा गट नव्हता. माझ्या मते ती यादीत पहिली हवी होती. फ्रिज बंद पडला तर शेजारच्यांकडे दूध ठेवता येतं.

असो. खुर्ची पूर्ण बंद वाटते तेव्हा बऱ्याचदा बिघाड अगदी साधा असतो. लाईट लागते, जॉयस्टिक ढकलली तर बीप येतो आणि खुर्ची जागची हलत नाही? आधी मोटरजवळचा ब्रेकचा खटका बघा. खुर्ची हाताने ढकलायला तो सोडवतात आणि परत लावायचं विसरतात. तो सुटलेला असेल तर कंट्रोलर खुर्ची चालूच देत नाही. (उतारावर हा खटका कधीही सोडू नका. करंट नसताना खुर्चीला धरून ठेवणारा तोच एक ब्रेक असतो.) बऱ्याच खुर्च्यांत दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ते आकडे मोजा आणि माहितीपत्रकात अर्थ बघा. ते पत्रक खोक्याबरोबर रद्दीत गेलं नसेल, अशी आशा करू या.

त्यानंतर बॅटरी. बहुतेक खुर्च्या २४ व्होल्टच्या. जुन्या पद्धतीच्या खुर्चीत बारा-बाराच्या दोन सीलबंद बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. पूर्ण चार्ज करून काही तास थांबा आणि मल्टिमीटरने दोन्ही वेगवेगळ्या मोजा. चांगली बॅटरी साधारण १२.७ दाखवते. एक १२.७ आणि दुसरी ११.५ असेल तर चोर सापडला. पण बदलताना दोन्ही एकाच वेळी, एकाच मापाच्या बदला. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर जुनी नवीलाही खाते. इन्व्हर्टरच्या दुकानात विचारताना 'डीप सायकल' म्हणा, गाडीच्या स्टार्टरची बॅटरी घेऊ नका. पाना फिरवण्यापूर्वी हातातली अंगठी, बांगडी काढा. दोन टोकांना धातू टेकला तर ठिणगी नव्हे, भाजण्याइतका करंट वाहतो. लिथियमची बॅटरी असेल तर ती उघडायची नाहीच, आणि तिला दुसरा चार्जरही लावायचा नाही. खुर्ची वापरा वा न वापरा, लेड बॅटरी रिकामी पडू देऊ नका, रोज रात्री चार्जला लावा. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा तर संध्याकाळी असेपर्यंतच लावून घ्यावी.

पाऊस आणि तांबडी माती हे आपल्या पश्चिम भागातले खरे शत्रू. जॉयस्टिकच्या बुडाशी रबराची टोपी असते. ती फाटली की ओल आत जाते आणि खुर्ची मनाप्रमाणे वळत नाही. टोपी स्वस्त असते, आतला कंट्रोलर नाही. पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस, दोरे, माती गुंडाळली जाते. महिन्यातून एकदा चाक काढून ते कापून टाका. बेअरिंग खरखरत असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर वाचा. समजा ६२०२ असेल, तर ते आत १५, बाहेर ३५ आणि रुंदीला ११ मिलिमीटर, जगात कुठेही तेच. उद्यमबागेच्या आसपास, जिथे वर्षानुवर्षं फाउंड्री आणि मशीनशॉप चालतात, तिथे हे मागायला व्हीलचेअरचं नाव घ्यायचीही गरज नाही.

एकच चाक फिरत नसेल तर एक युक्ती. खुर्ची बंद करा, मागची चाकं विटांवर उचला, डाव्या-उजव्या मोटरचे प्लग अदलाबदल करा आणि चालू करून बघा. बिघाड प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष कंट्रोलरकडे, त्याच बाजूला राहिला तर मोटरकडे. जुन्या धाटणीच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि ते रिवाइंडिंगवाल्याकडे घासून बसवून मिळतात. बघून झालं की प्लग परत जागेवर, नाहीतर उजवीकडे ढकलल्यावर खुर्ची डावीकडे पळेल. कंट्रोलरचं सर्किट आणि चार्जर मात्र घरी उघडू नका.

निपाणी ओलांडून तासाभरावर कोल्हापूर. तिथे स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, आणि त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची' आहे. या भागात खुर्चीवरच्या माणसाने काय करावं आणि काय करू नये, हा प्रश्न कधीचा निकालात निघाला आहे.

गणपतीला गावी याल तेव्हा पिशवीत चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर, ॲलन कीचा संच, एक जास्तीचा फ्यूज आणि जॉयस्टिकची टोपी आणा. माहितीपत्रकाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. आणि शेजारच्या एखाद्या पोराला ब्रेकचा खटका दाखवून ठेवा, कारण खुर्ची अडली की आजी आधी त्यालाच हाक मारणार.